मणी कुणाबरोबर जातो?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहराला लागूनच भरवेली आहे. इथल्या खाणीतला दगड हातात घेतला की पहिल्यांदा त्याचं वजन जाणवतं. दिसतो त्या मानाने तो फारच जड असतो, आणि मऊ जातीचा असला तर बोटं काळी करून सोडतो. हे मँगनीजचं खनिज. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची इंग्रजी मंडळी या भागात उतरली, पुढे तिची कंपनी झाली, १९६२ साली तिच्या खाणी घेऊन मॉयल ही खाण कंपनी स्थापन झाली आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली. मॉयलचं मुख्यालय नागपूरला. भरवेलीची खाण ही आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण, असं मॉयल अभिमानाने सांगते. इथला बहुतेक माल पोलाद बनवण्याच्या कामी जातो, कारण मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही.

पण मँगनीजचं एक काम पोलादापेक्षा कितीतरी जुनं आहे: काच रंगवणं. साध्या वाळूत लोहाचा अंश असतो आणि त्यामुळे काचेला हिरवट झाक येते. वितळलेल्या काचेत चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकलं की ती झाक मरते आणि काच स्वच्छ दिसते. चिमटीऐवजी मूठ टाकली तर काच जांभळी होते, कारण मँगनीजचा एक विशिष्ट आयन प्रकाशातला हिरवा-पिवळा भाग गिळतो आणि उरलेला जांभळा आपल्या डोळ्यांपर्यंत येऊ देतो. आणखी टाका, काच काळी दिसू लागते. खरं तर ती काळी नसतेच, जांभळा रंग इतका दाटतो की उजेड आरपार येत नाही. जुन्या पोतीतला फुटका काळा मणी मिळाला तर त्याची पातळ कपची उन्हात धरून पाहावी. जांभळी झाक दिसली तर रंग मँगनीजचा, हिरवट दिसली तर लोहाचा. आजचे कारखाने दोन्ही मिसळतात, वर कोबाल्टही घालतात, त्यामुळे ही परीक्षा जुन्या मण्यांपुरतीच. भरवेलीचा दगड कुणाच्या मंगळसूत्रात गेला असं मला म्हणायचं नाही. पण काळ्या मण्याचा विचार करायला याहून बरी जागा सापडणार नाही.

आणि काळा मणी म्हटला की त्याच्यामागे मृत्यू येतोच. आपल्याकडे नवरा गेला की बाईच्या गळ्यातली पोत तुटते. उलट मेक्सिकोत बायका-पुरुष नोव्हेंबर उजाडला की मण्यांनी विणलेल्या कवट्या कानात घालून मिरवतात. पहिल्या नजरेत ही दोन टोकं वाटतात. जरा खोलात गेलं की कळतं, दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: माणूस गेला, आता त्याचा दागिना कुणाचा? त्याच्याबरोबर पाठवायचा, मागे ठेवायचा, की त्याच्या नावाने नवा घडवायचा? विदर्भात, बाकीच्या महाराष्ट्रात आणि सातपुड्याच्या या पट्ट्यात या प्रश्नाची किमान चार उत्तरं सापडतात, आणि ती एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

आधी मेक्सिकोच्या कवट्या पाहू, कारण अलीकडे त्या आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांतही दिसू लागल्या आहेत. 'मृतांचा दिवस' तिथे १ आणि २ नोव्हेंबरला पाळतात. पहिला दिवस बहुधा गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात पायऱ्यापायऱ्यांची वेदी मांडतात. तिच्यावर मृताचा फोटो, त्याच्या आवडीचं जेवण, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाचा धूप आणि ढिगाने झेंडू. होय, आपला दसऱ्याचा झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आला. तिकडे त्याच्या पाकळ्यांची वाट दारापासून वेदीपर्यंत घालतात, म्हणजे पितरांना घर सापडावं. आपण त्याच फुलाचं तोरण देवाच्या आणि मोटारसायकलच्या गळ्यात घालतो आणि श्राद्धाच्या पानापासून मात्र त्याला लांब ठेवतो.

हा सण प्राचीन अॅझ्टेक लोकांकडून जसाच्या तसा आला, असं पर्यटनाच्या पुस्तिका सांगतात. तितकं सरळ नाही ते. तारखा कॅथलिक पंचांगाच्या आहेत, साखरेच्या कवट्यांची साखर स्पॅनिश लोकांनी आणली, आणि टोपी घातलेला, नटलेला बाईचा सांगाडा, जो आज प्रत्येक कानातल्यावर दिसतो, तो होसे ग्वादालूपे पोसादा या चित्रकाराने १९१०च्या सुमारास केलेल्या एका छापचित्रातून आला. युरोपची नक्कल करणाऱ्या बायकांची ती थट्टा होती. पोसादा १९१३ साली वारला. पुढे दिएगो रिव्हेरा याने १९४७ साली मेक्सिको शहरातल्या एका मोठ्या भित्तिचित्रात त्याच सांगाड्याला अंगभर पोशाख दिला, मधोमध उभं केलं आणि ती बाई साऱ्या देशाची झाली. युनेस्कोने २००८ साली हा सण आपल्या वारसा यादीत घेतला. २०१३ साली डिस्नेने सणाच्या नावावरच व्यापारी हक्क मागितला आणि बोंब झाल्यावर अर्ज मागे घेतला. गंमत पुढेच आहे. २०१५ सालच्या एका जेम्स बाँडपटात मेक्सिको शहरातली मृतांची भव्य मिरवणूक दाखवली. अशी मिरवणूक त्या शहरात तोवर निघतच नव्हती. लोक सिनेमा पाहून ती शोधत येणार हे ओळखून २०१६ पासून ती खरोखर निघू लागली. परंपरा अशाही जन्मतात, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

मण्यांचं विणकाम मात्र वेगळ्या वाटेने आलं. मेक्सिकोत काचमणी सुरुवातीलाच राजाच्या गळ्यात पडले. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी एर्नान कोर्तेस आणि मोक्तेसुमा समोरासमोर आले तेव्हा कोर्तेसने आपल्या गळ्यातली काचमण्यांची माळ काढून त्याच्या गळ्यात घातली. बदल्यात त्याला मिळाल्या लाल शिंपल्यांच्या दोन माळा, ज्यांना सोन्याचे झिंगे लटकत होते. सौदा कुणाला महाग पडला ते पुढच्या दोन वर्षांत कळलंच. त्यानंतर पश्चिम मेक्सिकोच्या डोंगरांतल्या उइचोल लोकांनी काचमणी आपलेसे केले. त्याआधी ते बी, शिंपला, हाड, दगड यांचे मणी वापरत. भोपळ्याच्या वाटीला आतून मेण फासायचं आणि त्यात एकेक मणी सुईच्या टोकाने दाबत हरीण, मका, सूर्य उमटवायचा, ही त्यांची रीत. ती वाटी म्हणजे देवापुढे ठेवलेलं मागणं. २०१० साली उइचोल कारागिरांनी फोक्सवॅगनची एक आख्खी बीटल मोटार २२ लाखांहून अधिक मण्यांनी मढवली. ती मेक्सिको शहरातल्या लोककला संग्रहालयाची आहे. पण कवटी ही काही उइचोलांची देवता नव्हे. मण्यांनी मढवलेली कवटी ही बाजाराने त्यांच्याकडून करून घेतलेली वस्तू आहे. मेक्सिकोतल्या एका समाजाचं हस्तकौशल्य आणि दुसऱ्यांच्या सणाचं चिन्ह यांचं लग्न पर्यटकांनी लावलं.

कानातली कवटी मेणावर बसवत नाहीत, ती सुईदोऱ्याने विणतात. त्यासाठी मणी एकसारखे लागतात, म्हणून हौशी विणकर बहुतेक जपानी नळीच्या आकाराचे मणी घेतात. त्यांची रुंदी साधारण १.६ मिलिमीटर. विटांच्या भिंतीसारखी रचना करतात: वरच्या ओळीतला मणी खालच्या दोन मण्यांच्या सांध्यावर बसतो, आणि दोरा प्रत्येक वेळी खालच्या ओळीतल्या दोऱ्याला अडकवून परत वर येतो. कवटी एवढी लोकप्रिय का, याचं अर्धं उत्तर या जाळीतच आहे. कवटी डावी-उजवी सारखी असते. पंधरा मण्यांच्या रुंदीत दोन काळे डोळे, मधे उलटं बदाम, खाली दातांची ओळ एवढं बसवलं की काम झालं, दुरूनही ओळखू येते. फार कमी आकृत्या इतक्या थोड्या चौकटींत ओळखू येतात. कवटी मण्यांत चालली याचं श्रेय श्रद्धेला जितकं आहे तितकंच भूमितीला द्यायला हवं.

आता जुन्या मेक्सिकोकडे वळू, कारण आपल्याशी खरा धागा तिथे जुळतो. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश पाद्र्याने अॅझ्टेक लोकांच्या चालीरीती बारकाईने लिहून ठेवल्या. त्यात आहे की मृताच्या तोंडात एक मणी ठेवत. सरदाराच्या तोंडात मोलाचा हिरवा दगड, सामान्य माणसाच्या तोंडात साधा हिरवट दगड किंवा ज्वालामुखीची काच. तो मणी म्हणजे मृताचं काळीज, पुढच्या प्रवासात कामी येणारं. आपल्याकडेही शेवटच्या घटकेला किंवा त्यानंतर तोंडात तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा कण ठेवतात. पुष्कळ घरांत त्यासाठी बाईच्या गळ्यातल्या सरातला एखादा मणी काढलेला आठवणारी माणसं आजही भेटतील. दोन समाजांचा काडीचा संबंध नाही, एक पूर्वेला दुसरा पश्चिमेला, तरी दोघांनाही वाटलं की माणसाला रिकाम्या तोंडी पाठवू नये. ओआहाका राज्यातल्या माँते आल्बान इथे १९३२ साली आल्फोन्सो कासो याने उघडलेल्या सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सोनं, मोती, हिरवे दगड, स्फटिक यांच्या माळा होत्या आणि पिरोजाचे तुकडे चिकटवलेली एक खरीखुरी माणसाची कवटी होती. आजची मण्यांची कवटी पाहताना ती आठवते, पण एकीतून दुसरी निघाली असं मानायला आधार नाही.

दागिना मृताबरोबर पाठवायचा, हे आपल्या भागातलं पहिलं उत्तर. ते नागपूरच्या आसपासच्या जमिनीत आहे. जुनापाणी, टाकळघाट-खापा, नायकुंड, माहूरझरी अशा गावांभोवती मोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. जुनापाणीच्या वर्तुळांवर रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ सालीच लिहिलं होतं. ही लोहयुगातली दफनं, अडीच ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची. वर्तुळाच्या आत मृताबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, तांब्याची भांडी, काळी-तांबडी मडकी, आणि मणी. नागपूरच्या वायव्येला असलेलं माहूरझरी या सगळ्यांत वेगळं. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात तिथे उत्खनन केलं. तिथे मणी नुसते पुरलेले सापडले नाहीत, ते तिथेच घडवले जात होते. अर्धवट घडवलेले मणी, दगडाच्या कपच्या, भोक पाडताना फुटलेले तुकडे यांचे ढीग मिळाले. पुढे डेक्कन कॉलेजचे आर. के. मोहंती यांनी माहूरझरीच्या मणी-कारागिरीचा स्वतंत्र अभ्यास केला.

कच्चा माल लांबून आणावा लागत नव्हता. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत अकीक, कार्नेलियन, जास्पर, स्फटिक आपोआप तयार होतात आणि नद्या-ओढ्यांच्या गाळात मोकळे पडतात. अकीक मुळात फिकट, मळकट पिवळा असतो. तो मंद आगीत तापवला की त्यातलं लोह लाल होतं आणि कार्नेलियन झळकतं. मग घडणं, घासणं, आणि सर्वांत चिवट काम, भोक पाडणं. अकीक पोलादी चाकूलाही दाद देत नाही. दोन्ही टोकांकडून छिद्र घेत मधे गाठ घालायची, नेम चुकला की आठवड्याची मेहनत कपचीत. काही लाल मण्यांवर पांढऱ्या रेघाही आहेत. क्षाराच्या लेपाने नक्षी काढून मणी पुन्हा तापवला की ती पांढरी रेघ दगडात मुरते, धुतली तरी जात नाही. एवढा खटाटोप करून घडवलेला मणी मग मातीत पुरायचा! लोकांनी तो पुरला, यावरून त्यांना मेलेल्या माणसाची केवढी पत वाटत होती ते कळतं.

माहूरझरीच्या वर्तुळांत घोडेही आहेत. घोड्याला धन्याबरोबर पुरलेलं, त्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने. माणसाइतकाच घोडाही सजून गेला. हा घोडा लक्षात ठेवावा, तो पुढे परत येणार आहे, जरी माहूरझरीच्या घोड्याचा त्याच्याशी वंशाचा संबंध कुणी दाखवलेला नाही.

बालाघाट जिल्ह्यातच याहूनही कोड्यात टाकणारा एक साठा १८७० साली गुंगेरिया गावात निघाला: तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही वाटोळ्या तबकड्या, काही शिंगं असलेल्या बैलाच्या तोंडासारखे. बैलाच्या तोंडाचा दागिना कुणी गळ्यात घातला, की कशावर ठोकला, की देवाला वाहिला? कबरीत नव्हे, नुसताच जमिनीत पुरून ठेवलेला हा ऐवज आज वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरला आहे, काही भाग नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात. त्याचा मृतांशी संबंध असल्याचा पुरावा नाही, म्हणून पुढे जाऊ.

दहनाची रीत रुळली की पुरण्याचं उत्तर संपतं. चितेवर दागिना ठेवून काय उपयोग? तो वितळेल, किंवा राखेतून दुसराच कुणी उचलेल. मग दुसरं उत्तर येतं: मृताच्या अंगावरचं सगळं काढून घ्या. त्यातून एक चमत्कारिक समजूत निघाली, आणि ती भरवेलीच्या ईशान्येला, बैहरच्या बाजूला राहणाऱ्या बैगा आदिवासींपासून पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांपर्यंत सारखीच सापडते. सोनं-चांदी, मणी, बांगड्या सगळं इथेच राहतं, बरोबर येतं ते फक्त गोंदण. बैगा बायका कपाळ, पाठ, हात, पाय सगळीकडे गोंदून घेतात. व्हेरियर एल्विन याने १९३९ साली बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि गोंदणाला त्यात पुष्कळ जागा दिली. बैगा बाईच्या गळ्यात रंगीत मण्यांचे आणि नाण्यांचे भरगच्च हार असतात, पण ते लेकीसुनांकडे जाणार हे तिला ठाऊक असतं. गोंदण मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही, चोर नाही आणि नातेवाईकही नाहीत. मराठी म्हाताऱ्याही हेच सांगत. मला ही समजूत फार शहाणी वाटते, कारण दागिन्यावरून होणाऱ्या भांडणांचा तीत पुरता हिशेब आहे.

तिसरं उत्तर सोनाराच्या दुकानात आहे, आणि मेक्सिकोच्या कानातल्या कवटीला आपल्याकडचा खरा जोडीदार शोधायचा तर तो इथे मिळतो. टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली मूर्ती. खंडोबा, जोतिबा, तुळजाभवानी यांचे टाक देवघरात असतातच, पण त्यांच्या शेजारी अनेक घरांत पितरांचेही टाक असतात. लढाईत किंवा अवेळी गेलेला पुरुष 'वीर' म्हणून घोड्यावर बसलेला. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा मुंजा म्हणून. सवाष्ण गेलेली बाई तिच्या टाकात. सोनाराकडे पितळी किंवा काशाचा ठसा असतो, त्यावर पत्रा ठेवून ठोकला की आकृती उमटते. मग कडा वळवायच्या, मागे लाख भरायची. बहुतेक टाक अंगठ्याएवढे. घरातल्या कुणाच्या अंगात येऊ लागलं, सतत आजारपण आलं, स्वप्नात गेलेलं माणूस दिसू लागलं, की जाणता माणूस सांगे, त्याला टाकात बसवा. म्हणजे मृत माणसाला एक जागा द्या, घर द्या, रोजचं पाणी-गंध द्या. बसला की शांत.

यातला सर्वांत धारदार प्रकार सवतीच्या टाकाचा. पहिली बायको गेली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर नव्या बायकोच्या गळ्यात पहिलीची छोटी सोन्याची किंवा चांदीची प्रतिमा घालायची चाल महाराष्ट्रात अनेक जातींत होती. दुसरीने ती रोज अंगावर वागवायची, सणावाराला पहिलीला आधी हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. कारण सरळ होतं: पहिली रुसली तर दुसरीच्या लेकरांना बाधेल. आजच्या डोळ्यांना हे क्रूर वाटेल आणि ते होतंही, कारण मेलेल्या बाईचा भार जिवंत बाईच्याच गळ्यात टाकलेला, नवरा मोकळा. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. जी बाई इतक्या लवकर विसरली गेली असती, तिचा चेहरा घरातून हलला नाही. बायको वारलेल्या पुरुषाने तिचं नाव कुठेही वागवलं नाही, ते वागवलं दुसऱ्या एका बाईने. मेक्सिकोतली मुलगी नाव-गाव नसलेली कवटी कानात घालते. सवतीचा टाक नावानिशी असे.

आणि वीरांची मिरवणूकही आपल्याकडे आहे, सिनेमाने शिकवावी लागली नाही. नाशिकला धुलिवंदनाच्या दिवशी घराघरांतले वीर बाहेर पडतात. चांदीचा टाक वाटीत किंवा तबकात ठेवतात, पोरं नटतात, ढोल-संबळ वाजतो, आणि वीर नाचवत नाचवत गोदावरीवर नेऊन अंघोळ घालतात. या वीरांपैकी दाजीबा वीराच्या डोक्याला भलं मोठं बाशिंग. वर्षाचा तो एक दिवस मेलेली माणसं शहराच्या रस्त्यातून चालतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा देवघरात.

चौथं उत्तर सर्वांत कठोर: मृताचं काहीही दागिन्यात ठेवायचं नाही, उलट जिवंत माणसाचाच दागिना तोडायचा. नवरा गेला की मंगळसूत्र तोडायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची. इथे मृत्यूची खूण दागिना घातल्याने उमटत नाही, तो काढल्याने उमटते. आणि ती फक्त बाईच्या अंगावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा आपल्या गावात बंद केल्या. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून हेरवाडचं अनुकरण करण्याचं आवाहन इतर ग्रामपंचायतींना केलं. परिपत्रकाने गळ्यातली पोत वाचत नाही, पण गावाच्या सभेत हात वर करून ठराव होतो तेव्हा तेराव्याला जमलेल्या बायकांना बोलायला एक आधार मिळतो. गेल्या माणसाची आठवण म्हणून ती पोत तशीच गळ्यात राहिली, तर काळा मणी विदर्भात पुन्हा मृताचा मणी होईल. या वेळी मातीखालचा नव्हे.

भरवेलीच्या खडकाशी एक शेवटचा हिशेब राहिला. लुईस ली फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला. या पट्ट्यात मँगनीजबरोबर सापडणाऱ्या एका खडकाला त्याने इथल्या गोंडांवरून गोंडाइट असं नाव दिलं. गोंडाइट हा दोन खनिजांचा बनतो, एक स्फटिक आणि दुसरं स्पेसार्टिन, म्हणजे मँगनीजचा गार्नेट. स्पेसार्टिन चांगल्या दर्जाचा मिळाला तर नारिंगी-लाल रत्न असतो, जगात त्याचे मणी आणि खडे बनतात. गोंडाइटातले कण मात्र इतके बारीक असतात की त्यांचा मणी होत नाही. मेक्सिकोकडेही अशीच खाण आहे. इदाल्गो राज्यातल्या मोलांगो परिसरात उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा मँगनीजचा साठा आहे. दोन्ही ठिकाणी मँगनीज पोलादाला जातं आणि दोन्ही ठिकाणचे लोक मणी बाहेरून विकत घेतात: तिकडे जपान आणि चेकियाचे, इकडे बऱ्याचदा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद आणि पुर्दिलनगर या काचेच्या गावांचे.

आता विणकामाचं. मराठी मुली कवट्यांची कानातली विणतात, विकतात, त्याला माझा आक्षेप नाही. पण कवटी आपल्याकडे चामुंडेच्या नि भैरवाच्या गळ्यात शोभते, आजोबांची आठवण म्हणून ती कुणी ओळखणार नाही. आजोबांसाठी आपल्याकडे घोड्यावरचा वीर आहे. तो मण्यांत विणता येईल का? अडचण खरी आहे. कवटी समोरून पाहिलेली, म्हणून डावी-उजवी सारखी. वीराचा घोडा बाजूने चाललेला, त्यामुळे अर्धा नमुना उलटवून काम भागत नाही, प्रत्येक ओळ वेगळी मोजावी लागते. तीन सेंटिमीटर रुंदीत १.६ मिलिमीटरचे जेमतेम अठरा मणी बसतात. त्यात घोड्याचे चार पाय एकेका मण्याचे केले तरी मधल्या जागा धरून सात-आठ मणी तेच खातात, शेपटीला आणि मानेला उरलेले, आणि स्वाराची तलवार जाळीबाहेर जाते. सोनार ठशावर दोन सेंटिमीटरांत जे बसवतो ते विणकराला पाच सेंटिमीटरांत जमेल, म्हणजे कानात जड होईल, गळ्यात ठीक. घोडा चांदीच्या मुलाम्याच्या मण्यांनी, जमीन काळ्या मण्यांनी, आणि दोन पुढचे पाय एकमेकांत मिसळून एकच केला तर अठ्ठावीस-तीस मण्यांच्या रुंदीत तो उभा राहतो. जुने ठसे तसेच करतात, त्यांच्या घोड्याला कित्येकदा तीनच पाय दिसतात.